हातभर उघडी भिंत

परवा सकाळी दत्ताचा फोन आला. हिंगोलीत छावणीच्या अंगाला एक अरुंद गल्ली आहे. तिच्या टोकाशी ज्यू लोकांचं जुनं प्रार्थनाघर आहे आणि त्याची किल्ली आता दत्ताकडे असते. दर वर्षी पावसाळा सरताना या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर ओलीचा एक चौकोन उमटायचा. तो घालवायला गेल्या उन्हाळ्यात शहरातून माणसं आली, भिंतीला कसलंसं औषध भरून वरून रंग देऊन गेली. दत्ता खुशीत होता. "सर, भादवा सरत आला, पर भिंत बराबर कोरडी हाय. येऊन बगा एकदा."

मी "बरं झालं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? तो चौकोन म्हणजे नुसती ओल नव्हे, हे मी त्याला एकदा-दोनदा सांगून पाहिलं होतं. त्याने मान हलवली होती आणि फडक्याने भिंत पुसली होती.

फोन ठेवून अंगणात आलो. हे दिवस मला दर वर्षी असेच गाठतात. मूग तोडून झालेला असतो. सोयाबीनची पानं पिवळी पडून गळत असतात आणि साखरा गावाच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला वाळत्या शेंगांचा कडवट वास असतो. पाऊस गेला म्हणावं तर दुपारी एखादा ढग येऊन घटकाभर झोडपून जातो, मग ऊन असं पडतं की मान पोळते. कयाधू नदीचं पाणी गढूळपणा सोडू लागतं. पितृपक्षात गल्लीतून कढी-वड्यांचा वास येतो, पत्र्यांवर कावळे बसतात. आमच्या घरी पितरांचं पान नसतं, आम्ही बौद्ध. पण शेजारच्या कढईचा वास आमच्याही ओट्यावर येतोच, आणि त्या वासाबरोबर ओल्या चुन्याचा वास येतो. चुना कुठे नसतो, तरी येतो.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि छावणीच्या शेजारच्या गल्लीत भाड्याने राहायचो.

ते प्रार्थनाघर कुणी बांधलं, मला ठाऊक नाही. कुणी म्हणतं, पलटणीबरोबर आलेल्या बेने इस्राएल शिपायांनी. कुणी म्हणतं, दवाखान्यातल्या एका कंपाउंडरने आणि चार रेल्वेवाल्यांनी मिळून. ही माणसं मूळची कोकणातली, घरात मराठी बोलणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी. दारावरच्या दगडात दोन ओळी कोरलेल्या आहेत, एक त्यांच्या हिब्रूत, एक मराठीत. साल जिथे असेल तिथला दगडच उडाला आहे. एवढाच इतिहास माझ्या हाती आहे, आणि मी त्यात पदरचं काही घालणार नाही.

बांधणारे हात मात्र इथलेच होते, हे भिंतीच सांगतात. काळ्या दगडाचं बांधकाम. वर माळवद, म्हणजे सागाच्या तुळया, फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घराला असतो तसा. पाथरवटाला दारावर कमळ कोरायची सवय. त्याने इथेही कोरलं आणि त्याला कुणी अडवलेलं दिसत नाही. भिंतींत दिवळ्या, म्हणजे दिव्यासाठीचे कोनाडे, ठेवलेल्या, त्यांना या धर्मात काही काम नव्हतं, पण गवंड्याच्या हाताला दिवळीशिवाय भिंत माहीत नसावी. आत शिरलं की मधोमध लाकडी चौथरा आणि त्याभोवती कातीव सागवानी कठडा. त्याला तेबा म्हणतात. तिथे उभं राहून धर्मग्रंथ वाचायचा. समोर पश्चिमेच्या भिंतीत एक उंच कपाट, ते हेखाल. ग्रंथाच्या गुंडाळ्या त्यात उभ्या ठेवायच्या. पश्चिमेलाच का, तर जेरुसलेम इथून पश्चिमेला. मागच्या बाजूला बायकांसाठी लाकडी जाळीचा आडोसा. हेखालापुढे साखळीने टांगलेला काचेचा दिवा, जो कधी विझू द्यायचा नाही. कोकणात म्हणे त्यात खोबरेल घालतात. इथे करडईचं तेल असायचं, त्यामुळे सगळ्या घराला करडईचा वास.

मूर्ती नाही, तसबीर नाही. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला ते फार आवडलं होतं. आपल्यापुढे कुणी बसलेलं नाही, नुसती जागा आहे, आणि तरी आपोआप चप्पल बाहेर काढावीशी वाटते. दारावर रंगीत काचेची अर्धगोल झडप होती. सकाळी तिच्यातून लाल-हिरवा उजेड समोरच्या भिंतीवर पडायचा, हेखालाच्या डाव्या अंगाला. आणि नेमकी तिथेच ती जागा होती. हातभर लांब, हातभर रुंद. बाकी साऱ्या भिंतीला चुन्याचा गुळगुळीत गिलावा, आणि तेवढ्या चौकोनात उघडा काळा दगड, सांध्यांतली माती, एखादं कोळ्याचं जाळं.

या घराचं शेवटचं माणूस रिबकाबाई. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. त्यांच्यातले बाकीचे लोक आधी मुंबईला आणि तिथून इस्राएलला गेले. ग्रंथाच्या गुंडाळ्याही नातेवाईक घेऊन गेले, कारण दहा पुरुष जमल्याशिवाय पूर्ण प्रार्थना होत नाही आणि इथे एकही उरला नव्हता. सिस्टर रिकाम्या कपाटापुढे दिवा लावायच्या आणि जाळीमागच्या आपल्या बाकावरच बसायच्या. समोरचा भाग मोकळा असून पुढे बसायला यायच्या नाहीत. मी एकदा म्हणालो, आता तुम्हाला कोण अडवणार आहे? त्या म्हणाल्या, "अडवनारं न्हाई म्हनून तर बसते इथं."

अर्धी गल्ली त्यांच्या हातची. भाजीवाला असो, हवालदार असो की नगरसेवक, भांडण वाढलं की त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "माझ्यापुढं आवाज चढवू नको. तुझा पहिला आवाज माझ्या फटक्यानं निघाला." समोरचा हसायचा आणि भांडण संपायचं. दत्ताही त्यांच्याच हातचा.

मी मुलांना त्या कठड्याचं चित्र काढायला घेऊन जायचो. चित्रकलेच्या परीक्षेला स्थिरचित्र, रेखाचित्र असायचं आणि गावात तेवढं देखणं लाकूडकाम दुसरं नव्हतं. एकदा एका मुलीने भिंतीवरचा तो काळा चौकोनही काढला. मी तिला खोडायला लावला. ते भगदाड कशाला, म्हणालो, चित्र घाण दिसतं. सिस्टर जाळीमागून ऐकत होत्या. मग मीच त्यांना विचारलं, तेवढाच गिलावा कसा पडला? त्या म्हणाल्या, "राहू द्या मास्तर, ते तसंच असतंय," आणि चहा टाकायला उठल्या.

राहू द्या. हा शब्द आमच्याकडे कसा वापरतात ते सांगितलं पाहिजे. जेवायला बसा म्हटलं की पाहुणा राहू द्या म्हणतो. पोराच्या पुस्तकाला मदत करू का विचारलं की बाप राहू द्या म्हणतो. पहिल्यांदा हो म्हणणं हे आमच्यात हावरटपणाचं लक्षण. दुसऱ्यांदा आग्रह करायचा, तेव्हा खरं उत्तर येतं. सिस्टर स्वतः चहाला नेहमी आधी राहू द्या म्हणायच्या आणि दुसऱ्यांदा म्हटलं की कप पुढे ओढायच्या. जन्म इथलाच, तऱ्हाही इथलीच. मी त्यांचं ते राहू द्या तसंच घेतलं. पेन्शनीवर जगणारी एकटी बाई, गिलाव्याला कुठून काढणार, सांगायची शरम वाटत असेल.

आणि शरम मला ठाऊक होती. माझ्या गावी, शिरड शहापूरला, आमचं घर वस्तीच्या शेवटी. दगड-मातीच्या भिंती, त्यांना बाहेरून कधी गिलावा लागला नाही. समोरच्या भिंतीला तेवढा आईने शेणमातीचा हात दिलेला, तो दर पावसात धुऊन जायचा. गावात उघडी भिंत म्हणजे कुणाचं घर, हे दुरून कळायचं. मी नोकरीला लागल्यावर पहिलं काम केलं ते त्या भिंती झाकायचं. म्हणून असेल, उघडा दगड दिसला की मला तो कुणाची तरी उघडी पडलेली पाठ वाटायचा.

त्या वर्षी भाद्रपदात सिस्टर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पनवेलला भाचीकडे गेल्या. किल्ली मला दिली. दिव्यात तेल घालत जा, विझू देऊ नका, बाकी काही करायचं न्हाई, असं सांगून गाडीत बसल्या. परत येणार होत्या त्या सर्वपित्रीला, कारण दुसऱ्या दिवशी घट बसायचे, आणि त्या वर्षी त्यांचा नव्याचा सण त्याच दिवशी होता. नवं वर्ष त्यांचं तेव्हा सुरू होतं.

पितृपक्ष लागला. या दिवसांत आमच्याकडे नवं काम कुणी काढत नाही. गणपत मिस्त्री रोज माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. "पंधरवडाभर कुनी भिंतीला हात लावू देत न्हाई, सर. पितरं जेवून राहिले अन् मिस्त्री उपाशी." गणपतची दोन्ही पोरं सिस्टरच्या हातची. बोलता बोलता विषय निघाला. मला पितृपक्षाची अडचण नव्हती, सिस्टरना नव्हती, आणि गणपत म्हणाला, देवाच्या घराला कसलं सुतक. सण येतोय, म्हातारी नव्या डोळ्यांनी येतेय, भिंत पुरी करून ठेवू. मला तेव्हा हे इतकं बरोबर वाटलं, की आजही त्या बरोबर वाटण्यात मला चूक सापडत नाही. चूक कुठे आहे ते माहीत आहे, तरी सापडत नाही.

गणपतने कळीचा चुना भिजत घातला. गुळाचं पाणी, बेलफळाचा चिकट रस, ताग बारीक कातरून. भिजत्या चुन्याची ऊब हाताला लागायची. गल्लीतल्या बायकांनी फरशी धुतली, काचा पुसल्या, कठड्याला तेल चोळलं. सणाआधी लवकर वाळावं म्हणून गणपतने चुन्यात मूठभर सिमेंट मिसळलं. दगडावर पाणी मारून पहिला हात त्याने दिला, आणि वरचा रंधा, म्हणजे गिलावा घोटायची लाकडी पाटी, मी मागून घेतला. चित्रकलेच्या मास्तरचा हात तसा हलका असतो. जुना गिलावा कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते कळू नये म्हणून मी कडांवरून पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो. दुसऱ्या सकाळी झडपेतून लाल-हिरवा उजेड आला आणि पहिल्यांदाच तो अख्ख्या भिंतीवर अडथळ्याविना पसरला. गणपतने डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. मी दारात उभा राहून बघत होतो. इतकं निखळ सुख मला आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. ते झालं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

सर्वपित्रीच्या संध्याकाळी सिस्टर आल्या. काळा चष्मा, हातात पिशवी. गल्ली दारात जमली होती, कुणाच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. चौकटीच्या उजव्या बाजूला त्यांच्यात एक लहानशी नळी ठोकलेली असते, आत देवाचं वचन. तिला बोटं लावून त्यांनी ती ओठांना लावली आणि आत पाऊल टाकलं. मग चष्मा काढला.

त्या भिंतीकडे बघत तिथेच उभ्या राहिल्या. गणपतला वाटलं, दिसत नसेल. "सिस्टर, हात फिरवून बगा. आरशावानी झाली."

त्यांनी जाऊन हात फिरवला. तळहात सपाट ठेवून, गरोदर बाईच्या पोटावरून फिरवतात तसा, हलका, काहीतरी चाचपत. मग गणपतकडे वळून म्हणाल्या, छान केलंस रे, आणि बायकोच्या पायाची सूज उतरली का ते विचारलं. बायकांनी आणलेली साखर तोंडात घातली. हसल्या. गल्ली पांगली.

मी थांबलो. त्यांनी आपल्या बाकावर बसून मला खालच्या पायरीवर बसायला सांगितलं आणि जसं रोग्याला सांगतात, तसं हळूहळू सांगितलं. जेरुसलेमला त्यांचं मोठं मंदिर होतं, ते पाडलं गेलं. कधी, तर इतक्या मागे की मोजण्यात अर्थ नाही. तेव्हापासून त्यांच्यात कुठलं घर पुरं करत नाहीत. दारातून शिरताच दिसेल अशी हातभर भिंत बिनगिलाव्याची सोडायची. लग्न असो, सण असो, बाळ जन्मलेलं असो, नजर तिथे गेली पाहिजे आणि आठवलं पाहिजे की मोठं घर अजून पडलेलंच आहे. प्रार्थनाघराला सगळीकडे असं करतात की नाही ते त्यांना माहीत नव्हतं. इथल्या लोकांनी केलं होतं. त्यांचे वडील त्यांना खांद्यावर घेऊन ती जागा दाखवायचे.

"तुमी मला विचारलं होतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "मीच नीट सांगितलं न्हाई. चहा टाकायला गेले."

याहून वाईट त्या काही बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

घट बसले. सिस्टरनी नव्याच्या सणाला नेहमीप्रमाणे वाटीत मध आणला, माझ्या बायकोच्या, माझ्या जिभेवर बोटाने लावला. रोज संध्याकाळी त्या जाळीमागे जाऊन बसत. मी रोज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो आणि परत यायचो. चौथ्या-पाचव्या माळेला छिन्नी-हातोडी पिशवीत घालून गेलो. म्हणालो, आत्ता फोडून काढतो, तासाभराचं काम, दगड होता तसा उघडा करतो.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "फोडलेलं अन् सोडलेलं एक न्हाई, मास्तर. ती जागा कुनी फोडली नव्हती. बांधनाऱ्यानं हात आवरला होता."

मी पिशवी घेऊन घरी आलो. तेव्हापासून या वाक्याभोवती मी किती फेऱ्या मारल्या असतील. झाकलेलं उघडता येतं, विसरलेलं आठवता येतं. पण न केलेली गोष्ट एकदा केली, की पुन्हा न केलेली होत नाही. त्या भिंतीवर कुणीतरी सगळा गिलावा करत आला आणि तिथे पोहोचल्यावर थांबला. चुना हातात होता, थापी हातात होती. त्याच्यानंतर इतकी माणसं त्या भिंतीपाशी आली आणि कुणी ते थांबणं मोडलं नाही. मी मोडलं, प्रेमाने, आणि कडा इतक्या सफाईने मिटवल्या की नेमकी जागा कुठली तेही मला सांगता येईना.

नव्याच्या सणापासून दहाव्या दिवशी त्यांची दरफाळणी येते. म्हणजे दार लावून घ्यायचं, दिवसभर अन्नपाणी नाही, पांढरी वस्त्रं. आदल्या दिवशी ओळखीच्या माणसांकडे जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. सिस्टर दर वर्षी सगळ्या गल्लीत दारोदार फिरत. कुणाला त्याचं नवल उरलं नव्हतं. "वर्षभरात कमीजास्त झालं असंल तर माफी असू द्या," असं त्या म्हणायच्या आणि लोक मस्करी करायचे. जास्तच झालं सिस्टर, इंजेक्शन लई दुखलं. त्याही म्हणायच्या, पालथा झोपून दाखव, दुसरं देते.

त्या वर्षीही आल्या. दिवस मावळायचा होता, मैदानावर दसऱ्याच्या प्रदर्शनाचे पाळणे फिरायला लागले होते आणि त्यांच्या भोंग्याचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत येत होता. त्या पायरीखाली उभ्या राहिल्या. पांढरं लुगडं, पदर डोक्यावर. दुसऱ्या दिवशी आमचीही विजयादशमी. माझा पांढरा सदरा इस्त्री करून दोरीवर अडकवलेला होता.

"मास्तर, मला राग आला होता. बोलले न्हाई, पर आला होता. तेवढी माफी असू द्या."

माफी मी मागायची होती. वाक्य तयार होतं, दहा दिवस घोटलेलं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, की बसा, चहा घ्या.

त्या म्हणाल्या, "राहू द्या."

आणि मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

का म्हटलं नाही? एकदा त्या शब्दाचा अर्थ मी आपल्या रीतीने घेतला होता आणि काय झालं ते पाहिलं होतं. आता तो शब्द आहे तसा घ्यायचा, असं मनात आलं असावं. त्या क्षणभर थांबल्या. मला आजही वाटतं, त्या दुसऱ्या आग्रहासाठी थांबल्या होत्या. मग पुढच्या दारी गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघालो तेव्हा गल्लीच्या टोकाशी त्यांचं दार लावलेलं होतं. आत त्याही पांढऱ्यात असणार. लोक बाहेर आपट्याची पानं वाटत होते.

पुढच्या वर्षी पाऊस दांडगा झाला. भादव्यात सिस्टरनी बोलावणं पाठवलं. मी धावतच गेलो. त्यांनी नुसतं बोट केलं. हेखालाच्या डाव्या अंगाला भिंतीवर एक चौकोन उमटला होता. गणपतच्या मूठभर सिमेंटचं जुन्या चुन्याशी जमलं नव्हतं. माळवदातून मुरलेलं पाणी त्या कडांशी येऊन अडलं होतं. हातभर लांब, हातभर रुंद, मिटवलेल्या कडांसकट. सिस्टर बाकावरून उठून जाळीच्या पुढे आल्या, पहिल्यांदाच तेब्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि हसल्या. "आली बगा," म्हणाल्या, जशी कुणी माहेरवाशीण आली असावी.

त्यानंतर त्यांनी चहाला राहू द्या म्हटलं की मी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणायचो. त्या घ्यायच्या. पण ज्या दिवशी म्हणायचं होतं तो दिवस गेला होता. दर भादव्यात चौकोन यायचा, दिवाळीपर्यंत सुकून जायचा. आम्ही दोघं तो बघत बसायचो. मला वाटायचं, मला जे करता येत नाही ते भिंत माझ्या वतीने करते आहे.

हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला त्याच्या आगेमागे भाची येऊन त्यांना पनवेलला घेऊन गेली. किल्ली कुठल्याशा विश्वस्तांकडे गेली. सिस्टर तिकडेच वारल्या. बातमी मला फार उशिरा कळली, आणि कुणाकडे जाऊन बसावं असं इथे कुणी नव्हतं.

मग काही वर्षांनी जीर्णोद्धार निघाला. शहरातली एक संस्था, भली तरुण माणसं. त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही. त्यांनी कठड्याचा कातीव खांब न खांब मोकळा करून पुन्हा बसवला, फुटलेल्या काचांच्या जागी त्याच रंगाच्या शोधून आणल्या, दारावरचं कमळ ब्रशने साफ केलं. माळवद काढून स्लॅब घातला, ते काढलं नसतं तर छत बसलं असतं. त्यांच्यातली एक मुलगी माझ्याकडे आली, कारण गल्लीने तिला सांगितलं की मास्तरला सगळं माहीत आहे. मी तिला सगळं सांगितलं. मूठभर सिमेंटसकट सांगितलं. तिने मनापासून ऐकलं. मग विचारलं, "काका, जुना एखादा फोटो आहे का? एखादं चित्र तरी?"

इतकी वर्षं इतकी मुलं तिथे बसून चित्रं काढत होती. एकीने चौकोन काढला होता, आणि तो मी खोडायला लावला होता.

ती म्हणाली की नुसत्या आठवणीवर भिंत फोडता येणार नाही, शिवाय तेवढाच तुकडा उघडा ठेवला तर उद्घाटनाला येणारे म्हणतील, काम अर्धवट सोडलं. आता दारापाशी संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर लिहिलं आहे की भिंतींवरचा गिलावा मूळचा असून तो जसाच्या तसा जतन केला आहे. लोक थांबून वाचतात. शाळेच्या सहली येतात. ते खरं नाही. पश्चिमेच्या भिंतीवरचा हातभर गिलावा गणपत मिस्त्रीने आणि मी एका पितृपक्षात केलेला आहे. गणपत आता नाही. हे सांगू शकणारा मी एकटा उरलो आहे, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून होता तो चौकोन. स्लॅब पडल्यावरही भिंतीत मुरलेल्या ओलीने तो यायचा, वर्षातून एकदा, थोडे दिवस.

काल शेवटी गेलो. गल्लीत सोयाबीन वाळत घातलं होतं, कडेकडेने गेलो. दत्ताने कौतुकाने दार उघडलं. सकाळची वेळ होती. झडपेतून लाल-हिरवा उजेड येऊन भिंतीवर पडला होता. भिंत पांढरी, एकसारखी, कुठेही काही नाही. काचेच्या दिव्यात आता विजेचा छोटा बल्ब आहे, करडईचा वास गेला आहे. दत्ता म्हणाला, आता धा वर्सं बगायला नगं.

मी हेखालाच्या डाव्या अंगाला गेलो. कोपर भिंतीला टेकवलं, बोटांच्या टोकापर्यंत हात लांब केला. जागा इथेच कुठेतरी होती. वीतभर अलीकडे असेल, वीतभर पलीकडे. हात ठेवून थांबलो. भिंत थंड आणि गुळगुळीत होती, बशीसारखी.

"सर, हात नका लावू," दत्ता मागून अदबीने म्हणाला. "डाग पडतो."

मी हात काढला आणि पाहिलं. डाग पडला नव्हता.